टीपी४०५६ चार्जिंग बोर्ड: चार्जर म्हणून पसंत, पण आहे तसा जोडू नका

एका टोकाला यूएसबीचं तोंड, दुसऱ्या टोकाला तारा जोडायचे चार पॅड, मध्ये आठ पायांची एक चिप आणि दोन बारीक एलईडी. लिथियम सेलवर चालणारं काहीही घरी बनवणाऱ्याच्या खणात हा बोर्ड असतोच. सायकलचा दिवा, जुन्या फोनच्या बॅटरीवरचं घड्याळ, छोटा स्पीकर, सगळीकडे तोच. इतका सर्रास वापरला जातो की चिपची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडून बघायची गरज कुणाला वाटत नाही, आणि मग ‘बोर्ड खराब निघाला’ म्हणून तक्रार होते. खराब निघतातही, पण पुष्कळदा दोष जोडणीतच असतो.

इथली परीक्षा रोड बाइकच्या दिव्यासाठी आहे. एक १८६५० (दंडगोल लिथियम) सेल, मागचा लाल दिवा किंवा पुढचा एक-दीड अँपिअर खाणारा दिवा, आणि चार्जिंगला फोनचाच चार्जर.

टीपी४०५६ ही नानजिंगच्या टॉप पॉवर कंपनीची, एका लिथियम-आयन सेलसाठीची लिनिअर चार्जर चिप. सेल २.९ व्होल्टच्या खाली उतरलेला असेल तर ती ठरलेल्या करंटच्या साधारण दहाव्या हिश्शाने त्याला हळूहळू वर आणते. मग पूर्ण करंट सोडते. ४.२ व्होल्टला पोचल्यावर व्होल्टेज तिथेच धरते आणि करंट उतरत उतरत दहाव्या हिश्शावर आला की चार्जिंग बंद करते. नंतर सेल ४.०५ च्या आसपास उतरला तर आपणहून पुन्हा सुरू. एवढं काम ती चोख करते, आणि या बोर्डाला पसंती द्यायचं खरं कारण हेच आहे. मात्र याच नावाच्या नकला भरपूर फिरतात, म्हणून बोर्ड हातात आला की पहिल्यांदा मल्टिमीटर काढायचा. डेटाशीटमध्ये ४.२ व्होल्टला दीड टक्का इकडेतिकडे मान्य आहे. पूर्ण भरल्यावर सेलवर ४.१५ ते ४.२२ दिसत असेल तर बोर्ड ठेवा. ४.२५ ओलांडत असेल तर मोह न धरता टाकून द्या.

घेताना सहा पॅडवालाच घ्या, म्हणजे यूएसबीच्या बाजूला इनपुटचे दोन आणि पलीकडे बी+, बी−, आउट+, आउट− असे चार. ज्याच्या पलीकडे फक्त बॅटरीचे दोनच पॅड आहेत त्याच्यावर संरक्षण नसतं, तो नुसता चार्जर. सहा पॅडवाल्यावर डीडब्ल्यू०१ए ही पहारेकरी चिप आणि ८२०५ए ही मॉसफेटची (इलेक्ट्रॉनिक स्विचची) जोडी जास्तीची असते. सेलमध्येच स्वतःचं संरक्षण असेल तर साधा बोर्ड चालतो, पण खात्री नसेल तर काटकसर इथे करू नये.

आता पहिली दुरुस्ती, आणि माझ्या मते ती ऐच्छिक नाही. बोर्ड येतो तो एक अँपिअरवर बसवलेला. हा आकडा चिपच्या दुसऱ्या पायाला जोडलेला रेझिस्टर ठरवतो. बहुतेक बोर्डांवर तो आर३ असतो आणि त्यावर १२२ छापलेलं असतं, म्हणजे १.२ किलोओहम. हिशेब सोपा आहे: १२०० ला किलोओहमने भागा, उत्तर मिलिअँपिअरमध्ये. १.२ के ला १०००, २.२ के ला ५४५, ३.३ के ला ३६४, ४.७ के ला २५५. डेटाशीटच्या तक्त्यातले आकडे या भागाकारापेक्षा एखाद्या ठिकाणी थोडे वेगळे आहेत (२ के ला ५८०, १० के ला १३०), त्याने काही बिघडत नाही.

एक अँपिअर १८६५० सेलला जड नाही. जड आहे ते बोर्डाला. चिप लिनिअर आहे, म्हणजे आत येणारे ५ व्होल्ट आणि सेलचं व्होल्टेज यांतला फरक ती नुसता उष्णतेत घालवते. उतरलेला सेल ३ व्होल्टवर असताना एक अँपिअर म्हणजे २ वॅट, आणि तेही एवढ्याशा बोर्डावर. बोट ठेववत नाही. चिप जास्त तापली की स्वतःच करंट कमी करते, त्यामुळे ती लगेच मरत नाही. पण सायकलच्या दिव्याचा डबा पाणी जाऊ नये म्हणून चहूकडून बंद असतो, आणि ती सगळी उष्णता शेजारच्या सेलला मिळते. सेलचं आयुष्य खाणारी गोष्ट हीच. आर३ काढून २.२ के लावा. सगळ्यात वाईट वेळी एक वॅटच्या थोडं वर जाईल, आणि २६०० मिलिअँपिअर-तासाचा सेल पाच-सहा तासांत भरेल. रात्री लावला की सकाळी तयार.

रेझिस्टर बदलताना दोन्ही टोकांवर आधी थोडं ताजं सोल्डर चढवा, मग सोल्डरिंग आयर्नचं टोक आळीपाळीने एकदा इकडे, एकदा तिकडे टेकवत राहा, तो आपोआप सरकतो. चिमट्याने ओढायला गेलात तर पॅड उखडतो. तेवढा बारीक रेझिस्टर हाताशी नसेल तर साधा पाव वॅटचा पायवाला घेऊन एक पाय मोकळ्या झालेल्या चिपकडच्या पॅडवर आणि दुसरा ग्राउंडवर (इनपुटच्या ऋण पॅडवर) लावा, वर गोंदाचा थेंब. जुन्याला समांतर दुसरा रेझिस्टर लावून काम भागवू नका. त्याने एकूण रोध कमी होतो आणि करंट उलट वाढतो.

बदल नीट झाला का हे बघायला अँपमीटर मध्ये घालायची गरज नाही. चार्जिंग चालू असताना चिपच्या दुसऱ्या पायावर ग्राउंडच्या तुलनेत व्होल्टेज मोजा. पूर्ण करंटला तिथे १ व्होल्ट असतं आणि तो उतरेल तसं तेही त्याच प्रमाणात उतरतं. ०.५ दिसलं तर निम्मा करंट चाललाय, ०.१ म्हणजे संपत आलं. सेल रिकामा, पण २.९ व्होल्टच्या वर असूनही इथे १ व्होल्टच्या खूप खाली दिसत असेल तर इनपुटवर संशय घ्या. लांब आणि बारीक तारेची केबल असली की बोर्डापर्यंत ५ ऐवजी ४.४ च पोचतात आणि चार्जिंग रेंगाळतं. केबल बदलून बघणं हा पाच सेकंदांचा उपाय आहे.

टाइप-सीवाला बोर्ड घ्यायचा तर त्याची वेगळी कटकट समजून घ्या. टाइप-सी चार्जर केबलच्या सीसी तारेवर (पलीकडे काय जोडलंय हे ओळखायची तार) पलीकडे ५.१ के चा रेझिस्टर दिसल्याशिवाय वीज सोडतच नाही. स्वस्तातल्या कित्येक बोर्डांवर हे रेझिस्टर लावलेलेच नसतात. जुन्या पद्धतीच्या, एका टोकाला चौकोनी यूएसबी-ए असलेल्या केबलने बोर्ड चालतो, दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने मात्र ढिम्म. बोर्ड मेला असं समजून फेकू नका. तोंडाच्या ए५ आणि बी५ या दोन पिनांपासून ग्राउंडपर्यंत प्रत्येकी एक ५.१ के लावा. एकच रेझिस्टर दोन्ही पिनांना मिळून लावायचा मोह होतो. तो साध्या केबलवर चालतो, पण आत चिप असलेल्या जाड केबलवर अडतो. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या बोर्डांत नेमकी हीच गफलत झाली होती. पिना एकमेकींना इतक्या खेटून असतात की भिंगाशिवाय हे काम करू नये. ते जमणार नसेल तर मायक्रो-यूएसबीवाला घ्या आणि सुखी राहा.

फास्ट चार्जरची भीती मात्र बाळगू नका. बोर्ड चार्जरशी काही बोलतच नाही, त्यामुळे चार्जर मुकाट ५ व्होल्ट देतो. चार्जरकडून ९ किंवा १२ व्होल्ट मागून घेणारा छोटा बोर्ड (ट्रिगर) मध्ये लावलात तर गोष्ट वेगळी. चिपची कमाल मर्यादा ८ व्होल्ट आहे.

संरक्षणाच्या जोडणीत एक सापळा आहे आणि त्यात बरेच जण अडकतात. मॉसफेटची जोडी ऋण बाजूला, बी− आणि आउट− यांच्या मध्ये बसलेली असते. म्हणजे बी− आणि आउट− हे दोन वेगळे बिंदू आहेत. दिव्याची ऋण तार सोयीसाठी सेलच्या ऋण टोकाला लावली, किंवा दिव्याच्या धातूच्या डब्याला दोन्ही टेकले, की पहारेकरी बायपास. दिवा लागतो, सगळं छान दिसतं, आणि शॉर्ट झाला तर अडवायला कुणी नाही. सेलचं ऋण टोक फक्त बी− ला जाईल, बाकी दिवा, मायक्रोकंट्रोलर, स्विच सगळ्यांचं ग्राउंड आउट− ला. इनपुटचा ऋण पॅड आतून आउट− लाच जोडलेला असतो, तेव्हा तिथून घेतलं तरी चालेल.

हा पहारेकरी नेमकं काय करतो? सेल २.४ व्होल्टपर्यंत उतरला की आउटपुट तोडतो, ४.३ च्या वर गेला की चार्जिंग तोडतो, आणि मॉसफेटवर १५० मिलिव्होल्टहून जास्त व्होल्टेज पडलं की करंट जास्त झाला असं मानतो. दोन मॉसफेट मिळून साधारण ५० मिलिओहम धरले तर हा आकडा ३ अँपिअरच्या आसपास येतो. सेल उतरला आणि बोर्ड तापला की रोध वाढतो, म्हणजे तोडायची मर्यादा आणखी खाली येते. सतत दोन अँपिअरच्या पुढे जाणाऱ्या दिव्याला हा बोर्ड नको. आणि २.४ ही सेल वाचवायची पातळी म्हणून फारच खालची आहे, तिला शेवटची भिंत समजा. रोजची कट-ऑफ दिव्याच्या सर्किटमध्येच ३ व्होल्टवर ठेवा.

सेल पहिल्यांदा जोडल्यावर आउटपुटला काहीच येत नाही, असंही होतं. डीडब्ल्यू०१ए कधीकधी झोपलेल्या अवस्थेत सुरू होतो. क्षणभर यूएसबी लावली की जागा होतो. हीच सवय सायकलवर डोकं उठवते. स्प्रिंगच्या होल्डरमध्ये ठेवलेला सेल खड्ड्यात उसळतो, संपर्क क्षणभर सुटतो, आणि परत जुळला तरी आउटपुट बंदच राहू शकतं. अंधारात, उतारावर. म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या दिव्यात होल्डर नकोच, निकेलची पट्टी स्पॉट-वेल्ड केलेला सेल घ्या. सेलवर थेट डाग देऊ नका, उष्णता आतपर्यंत जाते.

उलटी जोडणी हा बोर्ड अजिबात सहन करत नाही. बी+ आणि बी− ची अदलाबदल झाली की चिप त्याच क्षणी जाते. तारांच्या रंगांवर विश्वास न ठेवता डाग देण्यापूर्वी मीटरने ध्रुव तपासा. गेलेल्या चिपचं पुन्हा चार्जिंगला लावून बघण्यासारखं काही उरत नाही. आतून शॉर्ट झालेली असेल तर यूएसबीचे ५ व्होल्ट थेट सेलवर जाऊ शकतात.

आता सगळ्यात मोठा मुद्दा. चार्जिंग चालू असताना दिवाही चालू ठेवायचा असेल तर हा बोर्ड त्यासाठी बनलेलाच नाही. सेल आणि लोड एकाच तारेवर असल्यामुळे चिपला दोघांचा मिळून करंट दिसतो. थांबायची पातळी ठरलेल्या करंटच्या दहाव्या हिश्शाला आहे. म्हणजे २.२ के लावलेल्या बोर्डावर साधारण ५५ मिलिअँपिअर. मागचा दिवा शंभर खात असेल तर करंट तिथवर उतरणारच नाही. चार्जिंग चालू असल्याचा लाल एलईडी विझत नाही, भरल्याचा निळा लागत नाही, आणि सेल तासन्‌तास ४.२ व्होल्टवर ताणलेला राहतो. सायकलच्या दिव्यात हे टाळणं सोपं आहे, चार्जिंगला लावताना स्विच बंद करा. पण सायकल काँप्युटर किंवा जीपीएस लॉगरसारखी सतत जागी राहणारी वस्तू असेल तर तीन भाग वाढवा.

पी-चॅनल मॉसफेट, उदाहरणार्थ एओ३४०१ (त्याचे तीन पाय म्हणजे ड्रेन, सोर्स आणि गेट). एक शॉटकी डायोड, एसएस३४ किंवा लोड अँपिअरच्या आत असेल तर १एन५८१९. आणि १०० के चा रेझिस्टर. मॉसफेटचा ड्रेन बी+ ला, सोर्स लोडच्या धन टोकाला, गेट इनपुटच्या ५ व्होल्टला, आणि गेटपासून ग्राउंडपर्यंत १०० के. डायोड ५ व्होल्टपासून लोडकडे, पट्टीची बाजू लोडला. यूएसबी लावली की गेट वर जातो, मॉसफेट बंद होतो, लोड डायोडमधून थेट चार्जरवर चालतो आणि सेलला त्याचं चार्जिंग एकट्याला मिळतं. केबल काढली की १०० के गेटला खाली ओढतो आणि लोड सेलवर येतो. ड्रेन आणि सोर्स उलटे लावायची चूक इथे हमखास होते. उलटे लागले तर आतला डायोड चार्जरचे व्होल्ट सरळ सेलवर सोडतो, म्हणून पहिली चाचणी सेल न लावता करा: यूएसबी लावून लोडच्या टोकाला ४.७ च्या आसपास यायला हवेत. आणि लक्षात घ्या, लोडला आता कधी ४.७ तर कधी ३.३ मिळणार, त्याला दोन्ही चाललं पाहिजे.

तापमानाची राखण बोर्डावर नाही. चिपमध्ये सोय आहे, पण पहिला पाय ग्राउंडला जोडून ती बंद ठेवलेली असते. शून्य अंशाखाली लिथियम सेल चार्ज केला की आत धातूचा थर बसतो आणि तो परत जात नाही. गोठवणाऱ्या थंडीत बाहेरून आल्या आल्या दिवा चार्जिंगला लावू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पाय उचलून थर्मिस्टर (तापमानानुसार बदलणारा रेझिस्टर) जोडता येतो, पण एवढा खटाटोप करायचा तर दुसरी चिप घेतलेली बरी.

फोनच्या जुन्या बॅटऱ्यांशी याचं चांगलं जमतं. अलीकडच्या फोनचे सेल ४.३५ ते ४.४५ व्होल्टपर्यंत भरायचे असतात. हा बोर्ड ४.२ ला थांबतो, म्हणजे क्षमता थोडी कमी मिळते आणि सेल जास्त टिकतो. फायद्याचाच सौदा. फुगलेली बॅटरी मात्र कितीही चालू दिसली तरी हातात धरू नका. इअरफोनमधल्या शे-दोनशे मिलिअँपिअर-तासाच्या सेलला १० के लावल्याशिवाय जोडू नका. लिथियम-फॉस्फेट सेल ३.६ ला थांबावे लागतात, ते इथे चालणार नाहीत. दोन सेल सीरीजमध्ये असतील तरी नाही. समांतर असतील तर चालेल, फक्त जोडण्याआधी दोघांचं व्होल्टेज सारखं करून घ्या.

यांत्रिक बाजू अगदीच कमकुवत. यूएसबीचं तोंड कित्येक बोर्डांवर नुसत्या वरच्या डागांवर चिकटलेलं असतं. रोड बाइकचे टायर कडक, हँडलचा थरथराट थेट बोर्डात, त्यात रोज केबल घालाकाढायची. काही महिन्यांत तोंड पॅडसकट वर येतं. बोर्ड निवडताना पाठीमागची बाजू बघा: तोंडाचे कान भोकातून आरपार आले असतील तो घ्या. मग चारी बाजूंनी इपॉक्सी भरा, पण चिपवर नको. गरम गोंद उन्हात आणि चिपच्या उष्णतेत मऊ पडतो, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. बी आणि आउटच्या तारा सिलिकॉनच्या, २२ गेजच्या घ्या आणि डागापासून सेंटिमीटरभर अंतरावर बांधून टाका. तार तुटते ती नेहमी डागाच्या कडेला.

हब डायनॅमोवरून (चाकाच्या मध्यात बसणाऱ्या डायनॅमोवरून) याला थेट भरायची कल्पना सुचत असेल तर थांबा. ६ व्होल्ट ३ वॅट हा आकडा लोड असतानाचा. सेल भरला आणि बोर्डाने करंट घेणं बंद केलं की वेगात डायनॅमोचं व्होल्टेज कैक पटींनी चढतं, आणि ८ व्होल्टची मर्यादा पहिल्याच उतारावर संपते. रेक्टिफायर, मोठा कॅपॅसिटर, व्होल्टेज दाबून धरणारा भाग आणि मग ५ व्होल्टचा स्टेप-डाउन, एवढं मध्ये असेल तरच.

पर्याय कुठले? कमी करंटच्या मागच्या दिव्याला मायक्रोचिपची एमसीपी७३८३१ नीटस आहे, कमाल ५०० मिलिअँपिअर. चार्जिंग आणि लोड एकत्र हवेच असतील तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू२४०७४ घ्या, वाट बदलायचं काम ती आतच करते आणि वरचे तीन भाग वाचतात. पॉवर बँकेतली आयपी५३०६ अनेकांना मोहात पाडते, कारण तिच्यात चार्जर आणि ५ व्होल्टचा बूस्ट दोन्ही आहेत. फोन भरायला ती ठीक. पण करंट ४५ मिलिअँपिअरच्या खाली गेला की ती साधारण अर्ध्या मिनिटात आउटपुट बंद करते, आणि मंद लुकलुकणारा मागचा दिवा नेमका त्याच पट्ट्यात येतो.